प्राणवायूची दुसरी बाजू : स्मृतिभ्रंश व मस्तिष्काघात यांच्या संदर्भात ‘ऑक्सिडीकारक ताण’ या संकल्पनेचा इतिहास

गोषवारा : सजीवांना जगविणारा ऑक्सिजन पेशींना अपायही करतो, ही जाणीव अठराव्या शतकापासून अधूनमधून व्यक्त होत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला शास्त्रीय संकल्पनेचे रूप आले आणि १९८५ पासून ती ‘ऑक्सिडीकारक ताण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मेंदूच्या दोन प्रमुख व्याधी, स्मृतिभ्रंश आणि मस्तिष्काघात, यांच्या स्पष्टीकरणात या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान मिळाले. तिच्यावर आधारलेल्या उपचारांना मात्र मर्यादित यश लाभले. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा उगम, विकास व उपयोजन यांचा कालक्रमाने आढावा घेऊन, स्पष्टीकरण बरोबर असूनही उपचार का फसले, या प्रश्नाची मीमांसा केली आहे.

बीजसंज्ञा : मुक्त मूलके, ऑक्सिडीकारक ताण, अँटिऑक्सिडंट, स्मृतिभ्रंश, मस्तिष्काघात, रुग्णचाचण्यांचा इतिहास.

१. प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात एखादी संकल्पना प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून बाजारपेठेत आणि घराघरांत पोहोचते, असे क्वचित घडते. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द त्या भाग्यवान शब्दांपैकी एक आहे. चहाच्या पुड्यावर, च्यवनप्राशाच्या बाटलीवर, त्वचेच्या मलमावर तो आज सर्रास आढळतो. शरीरात ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे उपद्रवी घटक असतात, त्यांच्यामुळे म्हातारपण व विसराळूपणा येतो आणि विशिष्ट जीवनसत्त्वे घेतल्यास ते नष्ट होतात, अशी ही समजूत आहे. सुशिक्षित समाजात ती जवळजवळ निर्विवाद मानली जाते. महाविद्यालयीन अध्यापनातही ती अनेकदा याच सोप्या रूपात मांडली जाते.

या समजुतीचा पहिला भाग भक्कम पुराव्यावर उभा आहे. दुसरा भाग मोठ्या रुग्णचाचण्यांत बहुतांशी टिकला नाही, आणि काही ठिकाणी तो रुग्णांना अपायकारक ठरला. या दोन भागांमधील अंतर कसे निर्माण झाले, हे समजून घ्यावयाचे तर संकल्पनेच्या इतिहासाकडे वळावे लागते. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने वर्तविला आहे. लोकभाषेत लकवा अथवा अर्धांगवायू या नावाने परिचित असलेला मस्तिष्काघात हे तर मृत्यू व अपंगत्व यांचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरता राहत नाही.

२. पूर्वपीठिका : जीवनदायी वायूविषयीची शंका

१७७४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या ऑक्साइडला उष्णता देऊन एक वायू मिळविला. या वायूत मेणबत्ती अधिक तेजाने जळत असे. स्वीडनचे कार्ल शील यांनी तो स्वतंत्रपणे शोधला होता. पुढे आंत्वान लाव्हाझिए यांनी त्याला ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, हे प्रतिपादन केले. त्यातच पुढील शंकेचे बीज होते. शुद्ध वायूत मेणबत्ती जशी लवकर जळून संपते, तसा मनुष्यही अशा वायूत आपले आयुष्य लवकर संपवील काय, असा विचार खुद्द प्रीस्टली यांनीच मांडून ठेवला होता.

शतकभराने, १८७८ मध्ये, फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी वायुदाबावरील आपल्या ग्रंथात उच्च दाबाखालील ऑक्सिजनमुळे प्राण्यांना झटके येऊन मृत्यू येतो, हे दाखवून दिले. ऑक्सिजनचा पहिला ठळक आघात मेंदूवर होतो, ही गोष्ट तेव्हाच नोंदविली गेली होती. तिचा रासायनिक अर्थ मात्र कळलेला नव्हता.

हा अर्थ रसायनशास्त्राच्या एका वेगळ्याच दालनातून आला. १९०० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोमबर्ग यांनी ट्रायफेनिलमिथिल हे मुक्त मूलक ओळखले. सामान्य रेणूत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. मुक्त मूलकात एक इलेक्ट्रॉन एकटा उरलेला असतो आणि जोडीदार मिळविण्यासाठी तो शेजारच्या रेणूवर आक्रमण करतो. आक्रमण झालेला रेणू स्वतःच मूलक बनतो व साखळी सुरू होते. तत्पूर्वी १८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी लोहाचे क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगाने घडणाऱ्या तीव्र ऑक्सिडीकरणाचे वर्णन केले होते. १९३४ मध्ये हाबर व वाइस यांनी या क्रियेत हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते, असे सुचविले. तरीही अशी अल्पायुषी व दाहक मूलके सजीव पेशीत असू शकतील, ही कल्पना दीर्घकाळ कोणी गंभीरपणे घेतली नाही.

३. गर्शमन ते फ्रिडोविच : जीवशास्त्रातील प्रवेश (१९५४–१९६९)

या संकल्पनेच्या इतिहासात १९५४ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ रेबेका गर्शमन यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सहकाऱ्यांसह केलेले संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलकांची निर्मिती ही एकच यंत्रणा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अणुबॉम्बनंतरच्या त्या दशकात किरणोत्साराच्या जैविक परिणामांवर मोठ्या प्रमाणात संशोधन चालू होते. त्याच काळात अकाली जन्मलेल्या बालकांना मुक्त हस्ते दिलेल्या ऑक्सिजनमुळे हजारो बालके अंध झाल्याचे वैद्यकाच्या ध्यानात येत होते. ऑक्सिजन निरपवाद हितकारक आहे, या श्रद्धेला अशा प्रकारे दोन बाजूंनी तडा गेला.

डेनहॅम हार्मन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मूलकांच्या रसायनावर काम केल्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी वार्धक्याची मुक्त मूलक उपपत्ती मांडली. पेशीच्या दैनंदिन चयापचयातच मूलके निर्माण होतात, त्यांची इजा साचत जाते आणि तिलाच आपण म्हातारपण म्हणतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ मध्ये त्यांनी या प्रक्रियेचे केंद्र पेशीतील ऊर्जाकेंद्रात, म्हणजे मायटोकाँड्रियात, असल्याचे सुचविले. हार्मन यांच्या मांडणीत एक व्यावहारिक निष्कर्ष अनुस्यूत होता. मूलके इजा करीत असतील, तर मूलके शोषून घेणारी द्रव्ये दिल्यास इजा टळावी. पुढील अर्धशतकाच्या आशा व निराशा या एकाच वाक्यात सामावलेल्या आहेत.

हार्मन यांची उपपत्ती प्रथम उपेक्षितच राहिली. तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९६९ मध्ये. ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचे विद्यार्थी जो मॅककॉर्ड यांनी गायीच्या रक्तपेशींतील एका तांबेयुक्त प्रथिनाचे कार्य उलगडले. हे प्रथिन १९३८ पासून ज्ञात होते. त्याचे काम काय, हे ठाऊक नसल्याने ते तांब्याचा साठा करीत असावे, असा तर्क होता. प्रत्यक्षात ते सुपरऑक्साइड या मूलकाचा नाश करणारे विकर ठरले. ‘सुपरऑक्साइड डिसम्युटेज’ हे त्याचे नाव. ऑक्सिजन वापरणाऱ्या सजीवांनी या मूलकाविरुद्ध स्वतंत्र विकर बाळगले असेल, तर ते मूलक पेशीत खरोखरच निर्माण होत असले पाहिजे, हा युक्तिवाद बिनतोड होता. ज्या घरात अग्निशामक यंत्र जागोजागी बसविलेले आहे, तेथे आगीचे भय काल्पनिक म्हणता येत नाही.

४. संकल्पनेचे नामकरण आणि मेंदूची विशेष स्थिती

१९८५ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ झाली. ऑक्सिडीकारक द्रव्ये व त्यांना आवर घालणारी द्रव्ये यांतील समतोल पहिल्याच्या बाजूने ढळणे व त्यातून इजेची शक्यता निर्माण होणे, असा तिचा आशय होता. ही व्याख्या तराजूच्या प्रतिमेवर उभी होती. तराजूची प्रतिमा समजण्यास सोपी असते; मात्र ती ‘दुसऱ्या पारड्यात वजन टाका’ असा उपायही नकळत सुचवून जाते.

मेंदू या ताणाला विशेष बळी पडावा, यास सबळ कारणे होती. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असून विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. त्याच्या पेशीपटलांत बहुअसंतृप्त मेदाम्ले विपुल असतात आणि तेल जसे हवेत खवट होते, तशी ही मेदाम्ले मूलकांच्या साखळीस सहज बळी पडतात. मेंदूच्या काही भागांत लोहाचे प्रमाण जास्त असते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज हे विकर तुलनेने कमी असते. शिवाय नष्ट झालेल्या चेतापेशींची जागा बहुतांशी भरून निघत नाही. १९९३ मध्ये कौटुंबिक स्वरूपाच्या एएलएस या चेताव्याधीत सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्याच जनुकात उत्परिवर्तने आढळली, तेव्हा या विचाराला आणखी बळ मिळाले. अर्थात पुढील संशोधनाने असे दाखविले की, तेथील अपाय मुख्यतः विकराची शक्ती घटल्याने होत नसून, त्याची घडी बिघडून त्याला नवा विषारी गुणधर्म प्राप्त झाल्याने होतो. सोप्या स्पष्टीकरणाविषयीचा हा पहिला इशारा म्हणता येईल.

५. मस्तिष्काघात : रक्तपुरवठा परतल्यानंतरची इजा

मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे हा आजार होतो, हे स्वित्झर्लंडच्या योहान याकोब व्हेपफर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे दाखविले होते. परंतु रक्तवाहिनी बंद झाल्यावर पेशी नेमक्या कशा मरतात, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत अनुत्तरित होता. १९७७ ते १९८१ या काळात अॅस्ट्रुप, सायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, मृत केंद्राभोवती एक असा पट्टा असतो, जेथील पेशी निष्क्रिय झालेल्या असल्या तरी जिवंत असतात. ग्रहणातील उपच्छायेवरून या पट्ट्यास नाव देण्यात आले. वाचविण्याजोगे काही उरलेले आहे, ही जाणीव उपचाराच्या दृष्टीने क्रांतिकारक होती.

याच सुमारास, १९७८ पासून, रक्तपुरवठा खंडित झालेल्या मेंदूत मुक्त मूलकांचा सहभाग असल्याचे प्रतिपादन होऊ लागले. १९८०च्या दशकात मॅककॉर्ड यांनी यातील विरोधाभास स्पष्ट केला. रक्त थांबल्याने पेशीतील ऊर्जावाहक रेणूंचे विघटन होते आणि हायपोझँथिन हे द्रव्य साचते. रक्त परतताच झँथिन ऑक्सिडेज हे विकर नव्याने आलेल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने सुपरऑक्साइडचा लोंढा निर्माण करते. म्हणजे ज्या ऑक्सिजनच्या अभावी पेशी गुदमरतात, तोच परतल्यावर त्यांना जाळतो. १९९० मध्ये बेकमन व सहकाऱ्यांनी सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे अधिक विध्वंसक द्रव्य बनते, असे मांडले. १९९१ मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज अधिक प्रमाणात निर्माण करणाऱ्या उंदरांत मेंदूची इजा कमी होते, असे दिसून आले. उपपत्ती आणि प्रयोग यांचा मेळ असा जमून आला होता.

१९९५ मध्ये रक्ताची गुठळी विरघळविणारे टीपीए हे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो, हे सिद्ध झाले. त्याच्या जोडीला पेशींचे रक्षण करणारे औषध हवे होते. एनएक्सवाय-०५९ हे मुक्त मूलके पकडणारे संयुग या शोधातील सर्वांत आश्वासक समजले गेले. औषध रुग्णांपर्यंत नेण्यापूर्वी प्राण्यांवरील पुरावा कसा असावा, याविषयी तज्ज्ञांनी १९९९ मध्ये निकष ठरविले होते. ते निकष पूर्ण करणारे औषध म्हणून त्याकडे पाहिले जाई. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १७०० रुग्णांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत अपंगत्वाच्या मोजमापावर अल्पसा लाभ दिसला. चेतासंस्थेच्या कार्याच्या मोजमापावर मात्र तो दिसला नाही. म्हणून सुमारे ३३०० रुग्णांची दुसरी चाचणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत औषध व निष्क्रिय द्राव यांत कोणताही फरक आढळला नाही.

हे अपयश एकाकी नव्हते. मस्तिष्काघातावरील प्रायोगिक उपचारांची २००६ मध्ये मोजदाद करण्यात आली, तेव्हा त्यांची संख्या १०२६ भरली. त्यांपैकी पेशीरक्षक म्हणून सर्वमान्य ठरलेला एकही नव्हता. एनएक्सवाय-०५९ च्या प्राण्यांवरील प्रयोगांचे २००८ मध्ये फेरपरीक्षण झाले. ज्या प्रयोगांत प्राण्यांची यादृच्छिक विभागणी केली नव्हती अथवा निरीक्षकास औषधाविषयी अनभिज्ञ ठेवले नव्हते, त्यांत औषधाचा गुण अधिक दिसला होता. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असत; रुग्ण वृद्ध, रक्तदाब व मधुमेह असलेले. प्राण्यांना औषध लवकर मिळे. रुग्णांना अनेक तासांनी. शिवाय हे संयुग रक्त व मेंदू यांमधील अडसर फारच अल्प प्रमाणात ओलांडते, ही शंका आधीपासूनच होती.

या चित्रातील एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. इडॅरावोन हे मूलकशोषक औषध जपानने २००१ मध्ये मस्तिष्काघातासाठी मान्य केले. त्याला आधार असलेली चाचणी सुमारे २५० रुग्णांची, म्हणजे तुलनेने लहान, होती. जपान, चीन व भारत येथे त्याचा वापर होत आला. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती एएलएससाठी, मस्तिष्काघातासाठी नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील सुमारे १२०० रुग्णांच्या चाचणीत इडॅरावोन व डेक्सबोर्निओल यांचे मिश्रण केवळ इडॅरावोनपेक्षा सरस ठरले. एकाच औषधाविषयी निरनिराळ्या देशांतील निर्णय वेगळे असावेत, यावरून पुरावा ‘पुरेसा’ केव्हा मानावा, हा प्रश्न किती अवघड आहे, ते लक्षात येते.

६. स्मृतिभ्रंश : खुणा विपुल, उपाय विरळ

१९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ऑगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीचा १९०६ मध्ये मृत्यू झाला. तिच्या मेंदूत अॅलोइस आल्झायमर यांना पेशींबाहेरील पुटे व पेशींमधील तंतूंचे गुंते आढळले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या व्याधीस आल्झायमर यांचे नाव दिले. पुटांचा घटक अमायलॉइड-बीटा हे प्रथिन आहे, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले.

१९९० नंतर या रोगाने मृत झालेल्या व्यक्तींच्या मेंदूत ऑक्सिडीकरणाच्या खुणा एकामागून एक सापडू लागल्या. मेद, प्रथिने आणि मायटोकाँड्रियातील डीएनए या तिन्हींवर त्या होत्या. १९९४ मध्ये अमायलॉइड-बीटा स्वतःच मूलके निर्माण करीत असावे, असे एक प्रारूप मांडले गेले. २००१ मध्ये नुनोमुरा व सहकाऱ्यांनी याच्या उलट दिशेने जाणारे निरीक्षण नोंदविले. ऑक्सिडीकरणाची इजा रोगाच्या आरंभी सर्वाधिक असून अमायलॉइड साचत जाते तशी ती घटते, असे त्यांना आढळले. मग पुटे हे इजेचे कारण की इजेला मेंदूने दिलेला प्रतिसाद, असा प्रश्न उभा राहिला. शवविच्छेदनात दिसणारी खूण ही आगीनंतरची राख असते. तिच्यावरून आग लागली होती हे कळते, ती कोणी लावली हे कळत नाही.

उपचाराच्या चाचण्यांचा इतिहास असाच गुंतागुंतीचा आहे. १९९७ मध्ये मध्यम तीव्रतेच्या आल्झायमर रोगाच्या ३४१ रुग्णांवरील दोन वर्षांच्या चाचणीत रोज २००० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यू, संस्थेत दाखल व्हावे लागणे अथवा दैनंदिन व्यवहार करण्याची क्षमता गमावणे या घटना काही महिन्यांनी लांबल्या. परंतु हा फरक आरंभीच्या तीव्रतेतील तफावत हिशेबात घेतल्यानंतरच दिसला, आणि स्मरणशक्तीच्या कसोट्यांत सुधारणा आढळली नाही. तरीही या एका चाचणीनंतर उच्च मात्रेतील ई जीवनसत्त्व देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली.

२००५ मध्ये सौम्य बोधनक्षीणता असलेल्या ७६९ व्यक्तींच्या चाचणीत तीन वर्षांनंतर ई जीवनसत्त्वाचा कोणताही लाभ दिसला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील ६१३ माजी सैनिकांच्या चाचणीत दैनंदिन कार्यक्षमतेचा ऱ्हास काहीसा मंदावल्याचे आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५०० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांपैकी कशानेही स्मृतिभ्रंश टळला नाही. रोग जडलेल्यांत क्वचित अल्प लाभ, आणि रोग टाळण्यात शून्य लाभ, असा या सर्वांचा गोषवारा आहे.

यांतील सर्वांत बोधप्रद चाचणी आकाराने लहान होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७८ रुग्णांपैकी एका गटास १६ आठवडे ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व व अल्फा-लिपॉइक आम्ल यांचे मिश्रण दिले होते. त्यांच्या मस्तिष्कमेरुद्रवातील ऑक्सिडीकरणाची खूण सरासरी १९ टक्क्यांनी घटली. म्हणजे औषधाने रासायनिक काम केले. परंतु अमायलॉइड व टाऊ यांच्या खुणांत बदल झाला नाही, आणि बोधनक्षमतेच्या कसोटीवर या गटाची घसरण अधिक वेगाने झाली. खूण सुधारली व रुग्ण मात्र सुधारला नाही. रक्तातील वा द्रवातील एखादा आकडा म्हणजे आरोग्य नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधणे कठीण आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूतील लोह कमी करणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधानेही ऱ्हास रोखला नाही. उलट तो वाढविल्याचे दिसले.

७. भारतीय संदर्भ : हळदीची कथा

या इतिहासात भारताचा उल्लेख एका विशिष्ट कारणाने येतो. हरियाणातील बल्लभगड परिसरात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात आल्झायमर रोगाचे प्रमाण अतिशय कमी आढळले; त्याचे निष्कर्ष १९९८ व २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हळदीतील कर्क्युमिन या अँटिऑक्सिडंट द्रव्याने उंदरांच्या मेंदूतील ऑक्सिडीकरणाची इजा व अमायलॉइड घटते, असे दाखविले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून, भारतीयांच्या आहारातील हळद त्यांच्या स्मृतीचे रक्षण करते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो राष्ट्राभिमानास सुखावणारा होता. परंतु २०१२ मध्ये अमेरिकेत ३६ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीत कर्क्युमिनचा लाभ दिसला नाही. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, ही त्यातील मूलभूत अडचण आहे. भारतातील स्मृतिभ्रंशाचे २०२३ चे अंदाज पाहता, मूळ आधारही सबंध देशाला लागू करण्याजोगा उरलेला नाही.

मुंबईशीही या विषयाचा खरा संबंध आहे. किरणोत्साराच्या अभ्यासातून मुक्त मूलकांकडे जाण्याचा जो मार्ग गर्शमन यांनी चोखाळला, त्याच मार्गाने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकही या विषयाकडे वळले. २००४ मध्ये भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या मुखपत्रात तेथील संशोधकांनी सहलेखकांसह लिहिलेला मुक्त मूलके व अँटिऑक्सिडंट यांवरील सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला.

८. दोन व्याधींमधील दुवा

मस्तिष्काघात हा क्षणात कोसळणारा, तर स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे सरपटत येणारा आजार. तरीही दोहोंची सीमारेषा पुसट आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील जोगिणींच्या मठांमधील अभ्यासातून असे दिसले की, आल्झायमरच्या खुणा असलेल्या मेंदूत लहान-लहान रक्ताभावी व्रणही असतील, तर प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता बरीच वाढते. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व हवेचे प्रदूषण हे घटक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सुपरऑक्साइड निर्माण करणाऱ्या विकरांना चालना देतात. त्यामुळे रक्तवाहिनी शिथिल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड घटतो आणि मेंदूला गरजेनुसार रक्त मिळेनासे होते. ऑक्सिडीकारक ताण हा या दोन व्याधींमधील समान दुवा आहे, असे म्हणता येते ते या अर्थाने.

याच दृष्टीने एक विसंगती लक्षात येते. मूलके शोषणाऱ्या गोळीने जे साधले नाही, ते मूलकांच्या उगमावर नियंत्रण ठेवल्याने काही अंशी साधते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवल्याने सौम्य बोधनक्षीणतेचे प्रमाण घटले. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने शिक्षण, श्रवणक्षमता, रक्तदाब, प्रदूषण इत्यादी १४ घटकांवर उपाय केल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश तत्त्वतः टाळता अथवा लांबविता येईल, असे म्हटले आहे. या यादीत अँटिऑक्सिडंट गोळी नाही.

९. अपयशाची मीमांसा

उपपत्ती बरोबर व उपचार निष्फळ, असे का झाले? या प्रश्नाची किमान चार उत्तरे इतिहासातून मिळतात.

पहिले कारण वेगाचे. हायड्रॉक्सिल मूलक इतके क्षणजीवी असते की, ते जेथे जन्मते तेथेच समोर येणाऱ्या रेणूवर आदळते. त्याला अडविण्यासाठी जीवनसत्त्वाचा रेणू नेमका त्या जागी, पुरेशा संख्येने असणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरे कारण मूलकांच्या दुहेरी भूमिकेचे. पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्यांचा उपयोग परस्परांना संदेश देण्यासाठी करतात. २००९ मध्ये सुमारे ४० तरुणांवरील जर्मन अभ्यासात क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामाचा चयापचयावरील लाभच रोखून धरल्याचे आढळले. म्हणूनच पुढे या संकल्पनेची व्याख्या केवळ समतोल ढळण्यापुरती न ठेवता, पेशीतील संदेशव्यवस्था बिघडण्याशी जोडण्यात आली. तराजूच्या प्रतिमेची मर्यादा अशा प्रकारे मान्य झाली.

तिसरे कारण वेळेचे. मस्तिष्काघातात मूलकांचा लोंढा रक्त परतल्यानंतरच्या पहिल्या मिनिटांत येतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, रक्ताभावात साचलेले सक्सिनेट रक्त परतताच वेगाने जळते व मायटोकाँड्रियात मूलके उसळतात. सहा तासांनी दिलेले औषध या प्रसंगी उपस्थितच नसते. स्मृतिभ्रंशात हीच उशिराची मोजणी वर्षांत करावी लागते. २०१५ पासून गुठळी यांत्रिक पद्धतीने काढण्याचा उपचार सिद्ध झाल्याने रक्त केव्हा परतणार, हे आता आधी कळू शकते. पेशीरक्षणाच्या शोधाला त्यामुळे नवी संधी मिळाली आहे.

चौथे कारण अपायाचे. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हे गृहीत चुकीचे ठरले. १९९४ मध्ये फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१० मध्ये सुमारे १,१८,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या नऊ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ई जीवनसत्त्वामुळे रक्ताभावी मस्तिष्काघात १० टक्क्यांनी कमी, परंतु रक्तस्रावी मस्तिष्काघात २२ टक्क्यांनी अधिक झाल्याचे दिसले. दुसरा प्रकार मुळात विरळ असला, तरी अधिक घातक असतो.

१०. समारोप

प्रीस्टली यांच्या मेणबत्तीपासून आजच्या रुग्णचाचण्यांपर्यंतचा हा सुमारे अडीचशे वर्षांचा प्रवास आहे. त्यात फसवेगिरीची वा अज्ञानाची कथा शोधणे योग्य होणार नाही. गर्शमन, हार्मन, फ्रिडोविच व मॅककॉर्ड यांचे कार्य टिकाऊ आहे. मेंदूच्या व्याधींत ऑक्सिडीकरणाची इजा होते, हे विधानही आज अबाधित आहे. टिकला नाही तो त्यातून घाईने काढलेला उपाय. एखाद्या घटकाचा रोगाशी संबंध असणे, तो रोगाचे कारण असणे, आणि त्याला हटविल्याने रोग बरा होणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. या संकल्पनेच्या इतिहासात पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी घेतली गेली.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल येथेच आहे. रसायनशास्त्राच्या वर्गात मुक्त मूलके शिकविताना, जीवशास्त्राच्या वर्गात विकरे शिकविताना किंवा संख्याशास्त्राच्या वर्गात चाचण्यांची रचना समजावून सांगताना हे एकच उदाहरण तिन्ही शाखांना एकत्र आणू शकते. घरातील वृद्धाचे विसरणे वाढले म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्यांची बाटली आणली जाते, त्याच वेळी त्याचा रक्तदाब कित्येक महिने मोजलेला नसतो. विज्ञानाचे शिक्षण या दोहोंतील प्राधान्यक्रम बदलू शकले, तर या इतिहासातील अपयशेही व्यर्थ गेली, असे म्हणता येणार नाही.